उपमा म्हणजेच तश्बीह : शब्दकोड्यातून कवितेची उजळणी

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत दहावीत एक मुलगी आहे. मिलादच्या कार्यक्रमात ती नात पढायला उभी राहिली की सगळा हॉल शांत होतो. उच्चार स्वच्छ, लय पक्की, कुठे थांबायचं हे तिला कुणी सांगावं लागत नाही. हीच मुलगी मराठीच्या सराव परीक्षेत 'पुढील ओळीतील अलंकार ओळखा' हा प्रश्न कोरा सोडून आली. मी विचारलं तर म्हणाली, "मिस, व्याख्या तोंडपाठ होती. पण ओळीत तो अलंकार दिसलाच नाही."

हे तिच्या एकटीचं दुखणं नाही. आपल्या घरांतली कितीतरी मुलं कवितेच्या जवळ वाढतात. हम्द, नात, कव्वाली, मुशायऱ्याचे व्हिडिओ, आजीच्या तोंडचे शेर, हे सगळं त्यांच्या कानात असतं. पण मराठीच्या तासाला 'उत्प्रेक्षा', 'अपन्हुती', 'भुजंगप्रयात' असे शब्द फळ्यावर आले की त्यांना वाटतं, हे काहीतरी दुसऱ्यांचं आहे. मग व्याख्यांची घोकंपट्टी सुरू होते. घोकलेलं परीक्षेपर्यंतही टिकत नाही. आणि गोष्ट दहावीवर संपत नाही. पोलीस भरती असो, तलाठी भरती असो की स्पर्धा परीक्षा, मराठी व्याकरणाचे प्रश्न समोर येतातच. तिथे अलंकार आणि वृत्तांचे गुण सोडून देणं आपल्या मुलांना परवडणारं नाही.

या उजळणीसाठी मी वर्गात शब्दकोडं वापरते. ते कसं करायचं, त्याने काय साधतं आणि काय साधत नाही, ते इथे सांगते. एक छोटं कोडंही देते. ते घरी सोडवून बघा.

व्याख्येकडून नावाकडे नाही, उदाहरणाकडून नावाकडे

शब्दकोडं तसं फार जुनं नाही. 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं आधुनिक शब्दकोडं छापलं असं मानतात. पुढे ते जगभर पसरलं. आपल्याकडे मराठी वर्तमानपत्रांतलं कोडं घरोघरी सोडवलं जातं. उर्दू वाचणाऱ्या घरांतल्या मोठ्या माणसांना दिल्लीच्या 'शमा' मासिकातला अदबी मुअम्मा आठवत असेल. म्हणजे कवितेचं आणि कोड्याचं नातं आपल्याला नवीन नाही.

वर्गात त्याचा फायदा असा. पाठांतरात मूल नावापासून सुरुवात करतं : 'उपमा म्हणजे काय?' आणि मग ठरलेली वाक्यं म्हणून दाखवतं. परीक्षेत मात्र बहुतेक वेळा उलटा प्रवास असतो. समोर ओळ असते आणि नाव आठवायचं असतं. कोड्यातही तेच असतं. सूचना समोर असते, उत्तर डोक्यातून काढावं लागतं. शिवाय घरं मोजलेली असतात. तीन घरांत 'अतिशयोक्ती' बसणार नाही, हे मुलाला लगेच कळतं. चुकीचं उत्तर लिहिलं तर आडवा शब्द उभ्याला अडवतो. मी लाल पेन काढायच्या आधीच चूक सापडलेली असते, आणि ती मुलानेच शोधलेली असते. लाजऱ्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

एक आई, सहा अलंकार

सूचना कशी लिहायची यावर सगळं अवलंबून आहे. 'दोन वस्तूंमधील साम्य दाखवणारा अलंकार' अशी सूचना दिली की ती पुन्हा व्याख्याच झाली. त्याऐवजी मी ओळ देते. पुस्तकातली नको, कारण ती मुलांनी उत्तरासकट पाठ केलेली असते. साधी, घरातली ओळ द्यायची. एकच कल्पना घेऊन सहा वाक्यं होतात, बघा :

आई सावलीसारखी आहे. ही उपमा. 'सारखी' हा शब्द साम्य उघड सांगतो.
आई म्हणजे जणू सावलीच. ही उत्प्रेक्षा. 'जणू' आलं की कल्पनेने एक पाऊल पुढे टाकलं.
आई ही या घराची सावली. हे रूपक. 'सारखी' गेलं, 'जणू' गेलं, दोन्ही एकच झाल्या.
ही आई नव्हे, सावलीच आहे. ही अपन्हुती. आधी नाकारलं, मग दुसरं स्थापलं.
आई सावलीहूनही गार. हा व्यतिरेक. जिची तुलना केली तीच वरचढ ठरली.
आईसारखी आईच. हा अनन्वय. तुलनेला दुसरं काही मिळालंच नाही.

ही सहा वाक्यं एकाखाली एक लिहिली की मुलांना कळतं, अलंकार ही सहा वेगळी ओझी नाहीत. एकाच नात्याच्या या सहा पायऱ्या आहेत. मग कोड्यात आईच्या जागी चंद्र, पाऊस, क्रिकेटची बॅट, काहीही घाला, मूल अडत नाही.

दोन भाषांचे जुळे शब्द

आता उर्दू माध्यमाच्या, किंवा घरी उर्दू शिकणाऱ्या मुलांसाठी खास गोष्ट. उपमेचे चार भाग मराठी व्याकरणात शिकवतात : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. उर्दूत तश्बीहचेही हेच भाग आहेत : मुशब्बा, मुशब्बा बिही, वज्हे-शबह आणि हर्फे-तश्बीह. मी दोन्ही यादी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या, तेव्हा नात पढणारी तीच मुलगी म्हणाली, "मिस, हे तर आम्हाला उर्दूच्या तासाला येतं!" तिला येतच होतं. फक्त त्याचं मराठी नाव तिला आपलं वाटत नव्हतं.

अतिशयोक्तीला उर्दूत मुबालगा म्हणतात. यमकाच्या जवळ काफिया येतो. मात्र सगळे शब्द तंतोतंत जुळत नाहीत, आणि ते मुलांना सांगायला हवं. रूपक आणि इस्तिआरा यांना मी जुळे भाऊ म्हणत नाही, चुलत भाऊ म्हणते. रूपकात दोन्ही वस्तूंची नावं असतात : 'आई ही सावली'. इस्तिआऱ्यात एकच नाव उरतं. बाहेरून आई येताना दिसली आणि मूल म्हणालं, 'माझी सावली आली', तर तो इस्तिआरा. दोन्ही नावं ठेवून फक्त 'सारखी' काढलं, तर उर्दूत त्याला तश्बीहे-बलीग म्हणतात. हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला दोन्ही भाषांची कविता नीट कळायला लागली असं समजा.

दुसऱ्या बाजूनेही येणं-जाणं आहेच. मतला, मक्ता, काफिया, रदीफ हे शब्द आज मराठीत सहज वापरले जातात. फारसीचे जाणकार आणि 1925 साली फार्शी-मराठी कोश देणारे माधव जूलियन यांनी मराठीत गझल आणली. पुढे सुरेश भटांनी ती लोकांच्या ओठांवर नेली आणि 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या कवींना तिचे नियम समजावले. म्हणजे आपल्या घरातले शब्द मराठीच्या घरात केव्हाच नांदायला गेलेत. आपल्या मुलांनी तिथे पाहुण्यासारखं का बसावं?

गझलेचे शब्द शिकवताना मी फळ्यावर माझ्याच साध्या दोन ओळी लिहिते :

अंधार दाटला तरी वाट सोडू नको,
शब्द दिला एकदा तर तो मोडू नको.

'नको' दोन्हीकडे तसंच राहिलं, तो रदीफ. त्याच्या आधीचे 'सोडू', 'मोडू' बदलले पण आवाज जुळला, तो काफिया. दोन्ही ओळींत काफिया-रदीफ आला आणि हा पहिला शेर आहे, म्हणून हा मतला. शेवटच्या शेरात कवीने आपलं टोपणनाव, म्हणजे तखल्लुस गुंफलं, तर तो मक्ता. मतला आणि मक्ता यांत मुलं हमखास गोंधळतात. म्हणून कोड्यात हे दोन्ही शब्द मी मुद्दाम एकाच 'म' वरून निघू देते : एक आडवा, एक उभा. मतल्याला तीन घरं, मक्त्याला दोन.

एका घरात काय लिहायचं?

मराठी कोड्याचा पहिला नियम : एका घरात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटी-जोडाक्षरासकट. 'श्लेष' ला दोनच घरं : श्ले आणि ष. 'तखल्लुस' ला चार : त, ख, ल्लु, स. आडवा आणि उभा शब्द जिथे भेटतात, तिथे मात्रासुद्धा जुळली पाहिजे. 'का' आणि 'क' एका घरात राहू शकत नाहीत.

उर्दू कोड्यात एका घरात एक हर्फ येतो, सुटा लिहिलेला, उजवीकडून डावीकडे. जेर, जबर, पेश यांना घर नसतं. म्हणून 'काफिया' मराठीत तीन घरांचा, तर उर्दूत पाच : काफ, अलिफ, फे, ये, हे. 'मतला' मराठीत तीन घरांचा, उर्दूत चार : मीम, तोय, लाम, ऐन. उर्दू कोड्यामुळे तोय की ते, ऐन की अलिफ, याची उजळणी होते. मराठी कोड्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची होते. उर्दू माध्यमाच्या मुलांची मराठीत सगळ्यात जास्त चूक वेलांटी-उकारातच होते. 'रूपक' मधला दीर्घ 'रू' जर दुसऱ्या एखाद्या शब्दातही वापरला, तर तो उकार दोनदा तपासला जातो.

कोडं बनवताना एक सावधगिरी घ्या. इंटरनेटवर कोडं तयार करून देणारी बरीच साधनं इंग्रजीसाठी बनलेली आहेत. त्यात मराठी शब्द टाकला की काना-मात्रा वेगळ्या घरात जाऊन बसतात. चौकटीची वही आणि पेन्सिल हेच साधन बरं. आधी सगळ्यात लांब शब्द मधोमध आडवा लिहा, मग त्याच्या अक्षरांवरून बाकीचे लटकवा.

हे कोडं घरी सोडवा

वहीत आडव्या चार ओळी काढा, प्रत्येक ओळीत पाच घरं. ही घरं काळी करा : पहिल्या ओळीतलं पाचवं, दुसऱ्या ओळीतलं दुसरं, तिसरं आणि पाचवं, तिसऱ्या ओळीतलं चौथं आणि पाचवं, चौथ्या ओळीतलं पहिलं आणि दुसरं. उरली बारा घरं.

आकडे असे टाका : पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात 1, चौथ्या घरात 2. तिसऱ्या ओळीच्या पहिल्या घरात 3, तिसऱ्या घरात 4. चौथ्या ओळीच्या तिसऱ्या घरात 5.

आडवे शब्द
1. बाई अंगावर घालते, कविता शब्दांवर. (4 अक्षरं)
3. मतला, काफिया, रदीफ, मक्ता हे सगळे हिच्याच घरचे. (3)
5. 'सोडू' आणि 'मोडू' यांच्यात जे जुळलं ते. (3)

उभे शब्द
1. तुकोबांचे घराघरांत आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही रचले. (3)
2. वीर, करुण, हास्य ही याची रूपं. उसातही असतो. (2)
4. ही असली की कविता ऐकताना बोटं आपोआप ठेका धरतात. (2)

उत्तरं लेखाच्या शेवटी आहेत, आधी बघू नका.

वर्गात कसं घ्यायचं

एका कोड्यात दहा-बारा शब्द पुरे. त्यातले निम्मे नुकतेच शिकवलेले, निम्मे जुने. सगळे अलंकारच नकोत. एखादा कवी, एखादा काव्यप्रकार, एखादं वृत्त असं मिश्रण ठेवा. मुलं जोडीने बसवा, पण जोडीला एकच कागद आणि एकच पेन्सिल द्या. पेन्सिल दर शब्दाला हात बदलेल. हा नियम नसेल तर हुशार मूल लिहितं आणि दुसरं नुसतं बघत बसतं. हे मी माझ्याच वर्गात पाहिलं आणि मग नियम केला. पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद. नंतर अडलेल्यांना पुस्तक उघडायला परवानगी. ज्यांना मराठी अजून जड जाते, त्यांना शब्दांची यादी द्या, त्यात दोन-तीन जादा शब्द मिसळून.

पण खरी उजळणी पुढच्या तासाला होते. मी मुलांना सांगते, आता तुम्ही सूचना लिहा. उत्तर दिलेलं, सूचना तुमची. इथे कच्चं काय आहे ते उघडं पडतं. एका मुलाने 'उपमा' साठी सूचना लिहिली : 'पाऊस म्हणजे जणू ढगांचं रडणं'. शेजारचा मुलगा म्हणाला, "अरे, 'जणू' आहे, ही उत्प्रेक्षा झाली." दोघांचा वाद झाला, पुस्तक उघडलं गेलं. शेवटी पहिल्याने 'जणू' खोडून 'पाऊस ढगांच्या आसवांसारखा' असं केलं. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानात हे झालं नसतं.

वृत्तांसाठी सूचना डोळ्यांपेक्षा कानाची ठेवते. भुजंगप्रयात वृत्तात एका चरणात बारा अक्षरं, चार 'य' गण. 'य' गण म्हणजे लघु-गुरू-गुरू. उर्दू अरूजमध्ये 'फऊलुन' हा रुक्न म्हणजे नेमकं हेच : फ लघु, ऊ गुरू, लुन गुरू. तो चार वेळा आला की बहरे-मुतकारिब. म्हणून माझी सूचना असते : 'फऊलुन चार वेळा म्हणा, मराठीत याला काय म्हणतात?' उत्तराला सहा घरं : भु, जं, ग, प्र, या, त. मुलं बाकावर बोटं वाजवत हे वृत्त शोधतात. ज्या मुलीला नात पढताना ठेका शिकवावा लागला नव्हता, तिने हे सगळ्यांच्या आधी लिहिलं.

कोड्याने काय होत नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगते. शब्दकोड्याने कविता शिकवता येत नाही. कविता आधी वाचायची, मोठ्याने म्हणायची, तिच्यावर बोलायचं. कोडं हे शिकवलेलं पक्कं करण्यासाठी आहे, महिन्यातून दोन वेळा पुरे. रोज दिलं तर मुलं शब्द भरायला शिकतात, कविता वाचायची राहून जाते. कोडं पूर्ण भरलं म्हणजे रसग्रहण येतं, असंही नाही. म्हणून कोडं संपलं की मी शेवटी एक काम देते : यातला कुठलाही एक अलंकार घ्या, आपल्या मनाची एक ओळ लिहा, आणि तो अलंकार काढून टाकला तर ओळीचं काय होतं ते एका वाक्यात सांगा. आई सावलीसारखी आहे, याऐवजी 'आई चांगली आहे' लिहिलं तर काय हरवलं? ज्याला हे सांगता आलं, त्याने रसग्रहणाची पहिली पायरी चढली.

पालकांनी काय करावं

तुम्हाला मराठी व्याकरण येत नसलं तरी हरकत नाही. मुलाला विचारा, 'आज ऐकलेल्या नातमध्ये तश्बीह कुठे होती? तिला मराठीत काय म्हणतात?' एवढा एक प्रश्न जेवताना विचारला तरी पुरे. आजी-आजोबांना कोड्यात घ्या. त्यांच्याकडे पहेल्या आणि शेर आहेत, नातवंडांकडे चौकटीची वही आहे. 'मराठी आपल्याला जमत नाही' हे वाक्य मात्र मुलांसमोर बोलू नका. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत लिहीत होते, बार्शीचे शाहीर अमर शेख मराठीत गात होते. त्यांना ही भाषा परकी नव्हती, आपल्या मुलांनाही नाही.

आता उत्तरं. आडवे : 1 अलंकार, 3 गझल, 5 यमक. उभे : 1 अभंग, 2 रस, 4 लय. तिसऱ्या ओळीचं पहिलं घर पुन्हा एकदा बघा. अभंगाचा शेवट आणि गझलेची सुरुवात एकाच 'ग' मध्ये आहे. मुलांना ते घर नक्की दाखवा.